चित्रफितीतील पाठ आणि चित्राचे प्रमाण

अध्यापनात दृक्‌श्राव्य साधनांचे महत्त्व किती, हे आता नव्याने सांगावयास नको. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद राहिल्या, तेव्हा राज्यातील असंख्य शिक्षकांनी मोबाइलच्या साहाय्याने पाठ चित्रित केले, ते घरच्या घरी जोडले आणि मुलांपर्यंत पोहोचविले. शाळा पुन्हा भरू लागल्यावरही ही सवय टिकून राहिली, ही समाधानाची गोष्ट आहे. कन्नडसारख्या डोंगराळ तालुक्यात एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. तेथे एका वर्गाला चित्रफीत दाखवून त्या वेळात दुसऱ्या वर्गाला शिकविता येते, हा लाभ लहान नव्हे.

परंतु साधन सदोष असेल, तर ते अज्ञान दूर करण्याऐवजी चुकीचे ज्ञान पक्के करते. चित्रफितीच्या संकलनात वारंवार आढळणारा आणि बहुधा दुर्लक्षिला जाणारा दोष म्हणजे चित्राचे बिघडलेले प्रमाण. माणसे आडवी फुगलेली किंवा उभी ताणलेली दिसतात, वर्तुळ अंड्याच्या आकाराचे होते, अक्षरे पसरतात. पाहणारा प्रौढ मनुष्य हसून सोडून देतो. कारण मूळ वस्तू कशी असते हे त्यास ठाऊक असते. मुलास ते ठाऊक नसते. तेच जाणून घेण्यासाठी ते पडद्याकडे पाहत असते. या दोषाचे गांभीर्य येथेच आहे.

दोष किती दूरवर जातो?

एखादे चित्र मूळचे ४ : ३ या प्रमाणाचे आहे, म्हणजे त्याची रुंदी ४ भाग व उंची ३ भाग आहे, असे समजावे. ते १६ : ९ या रुंद पडद्यावर ताणून बसविले, तर उंची तीच राहून रुंदी एक पूर्णांक एक तृतीयांश पट होते. ६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ तेवढ्याच उंचीचे, परंतु ८ सेंटिमीटर रुंदीचे दिसू लागते. ४५ अंशांचा कोन सुमारे ३७ अंशांचा होतो. ६ सेंटिमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणाचा आडवा पाया ८ सेंटिमीटर व उरलेल्या बाजू सुमारे ६.६ सेंटिमीटर होतात. पायाजवळचे ६० अंशांचे कोन सुमारे ५२.४ अंशांवर येतात आणि शिरःकोन ७५.२ अंशांचा होतो. शिक्षक ‘तिन्ही बाजू समान’ असे सांगत असतो आणि पडद्यावरील आकृती त्याच्या विधानास खोटे पाडीत असते.

यात एक फसवी गोष्ट आहे. चित्र आडवे ताणले तरी आडव्या व उभ्या रेषांमधील काटकोन काटकोनच राहतो. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीजही १८० अंशच राहते. म्हणून फळा, खिडकी, पुस्तक, भिंत या काटकोनी वस्तूंकडे पाहून दोष उमगत नाही. तोच चौरस कोनावर उभा करून पाहिला, म्हणजे त्याचे काटकोन बिघडलेले आढळतात. दोन कोन सुमारे ७४ अंशांचे व दोन सुमारे १०६ अंशांचे होतात. प्रमाणाची परीक्षा करावयाची ती आयताने नव्हे, तर वर्तुळाने करावी.

भूगोलातही हीच गत होते. महाराष्ट्राचा पूर्व-पश्चिम विस्तार सुमारे ८०० किलोमीटर व दक्षिणोत्तर विस्तार सुमारे ७०० किलोमीटर आहे. आडवा ताणलेला नकाशा पाहून मुलास राज्याची रुंदी उंचीच्या दीडपट वाटेल. नकाशाखाली आडवी प्रमाणरेषा असेल, तर घोटाळा अधिकच वाढतो. नकाशाबरोबर तीही ताणली जाते. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर मोजले असता बरोबर येते, परंतु दक्षिणोत्तर ७०० किलोमीटरांचे अंतर त्याच रेषेने मोजल्यास ५२५ किलोमीटरच भरते. मोजणी करणाऱ्या मुलाचा हात बरोबर असूनही उत्तर चुकते, आणि चूक त्याच्या पदरी पडते.

इतिहासाचे उदाहरण तर कन्नड तालुक्यातच आहे. सातमाळा डोंगरातील पितळखोरे येथील लेणी इसवी सनापूर्वीच्या काळापासूनची आहेत. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचे सविस्तर वर्णन १९५९ साली प्रसिद्ध केले. तेथील हत्तींच्या शिल्पांची रांग प्रसिद्ध आहे, आणि तेथे सापडलेली यक्षमूर्ती आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कन्हदास नावाच्या सुवर्णकाराने ती घडविली, असे तिच्यावरील लेखात म्हटले आहे. हा यक्ष ठेंगणा, स्थूल व हसऱ्या मुखाचा आहे. त्याचे चित्र पाठात घेतले आणि ते आडवे ताणले गेले, तर त्याचे स्थूलपण मूर्तिकाराने दिलेले किती व संकलनाच्या चुकीने आलेले किती, हे कोणासही सांगता येणार नाही. दोन हजारांहून अधिक वर्षे दगडात टिकलेले प्रमाण एका बटणाने बदलते.

चौकटीचे प्रमाण कसे बदलत आले?

आज हा घोटाळा वरचेवर का होतो, हे समजण्यासाठी चौकटीचा थोडा इतिहास पाहावा लागतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारी लहानशी चित्रफीत तयार केली. ठराविक अवधीने एकेक चित्र टिपून त्यांनी कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखविली. त्यानंतर ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. मूकपटांच्या त्या काळी ३५ मिलिमीटर फिल्मवरील चौकट ४ : ३ या प्रमाणाची असे. टिपण्याची चौकट व दाखविण्याची चौकट एकच असल्यामुळे प्रमाण बिघडण्याचे कारण क्वचितच येई.

पुढे पडदा रुंद झाला. १९५९ सालचा गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो. या पद्धतीत चित्रण करतानाच विशेष भिंगाने दृश्य आडव्या दिशेने निम्मे दाबले जाते व ते नेहमीच्या फिल्मवर बसते. दाखविताना दुसऱ्या भिंगाने ते तितकेच पसरावयाचे असते. हे दुसरे भिंग लावावयाचे राहिले, तर पडद्यावरील सर्व माणसे काठीसारखी उंच व कृश दिसतात. यावरून एक तत्त्व स्पष्ट होते : साठविलेल्या चित्राचा आकार व दाखवावयाच्या चित्राचा आकार या दोन भिन्न गोष्टी असू शकतात, आणि त्या दोहोंमधील सूचना हरवली की चित्र बिघडते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळातील दूरचित्रवाणीची चौकट ४ : ३ अशीच होती. पुण्यातील ‘बालचित्रवाणी’ ही शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी शासकीय संस्था १९८४ साली स्थापन झाली व २०१७ साली बंद करण्यात आली. महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी तिचे कार्यक्रम शाळेत पाहिले. त्या काळातील असे जुने कार्यक्रम आजच्या १६ : ९ प्रमाणाच्या संचावर दाखविले आणि संचाने ते आपोआप पडदाभर ताणले, की वर सांगितलेले सर्व दोष एकदम उद्भवतात. त्यात मोबाइलची भर पडली आहे. तो उभा धरला म्हणजे ९ : १६ अशी उभी चौकट मिळते. अशा रीतीने एकाच पाठात जुनी ध्वनिचित्रफीत, आडवे चित्रण, उभे चित्रण व पाठ्यपुस्तकाच्या पानाचे छायाचित्र अशा चार निरनिराळ्या प्रमाणांची चित्रे एकत्र येतात. संकलनाचे सॉफ्टवेअर त्यांना एकाच चौकटीत बसवू पाहते. ते कसे बसवावे, हा निर्णय शिक्षकाने केला नाही, तर सॉफ्टवेअर स्वतः करते.

पिक्सेल म्हणजे काय?

पडद्यावरील चित्र सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. आजचे पूर्ण उच्च दर्जाचे चित्र आडवे १९२० व उभे १०८० पिक्सेलचे असते. त्यातील प्रत्येक पिक्सेल चौरस असतो. म्हणून १९२० व १०८० यांचे गुणोत्तर बरोबर १६ : ९ येते.

जुन्या दूरचित्रवाणीच्या अंकीय फितीत मात्र पिक्सेल चौरस नसत. भारतात वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत चित्र ७२० गुणिले ५७६ पिक्सेलचे असे. या संख्यांचे गुणोत्तर ५ : ४ येते, पण चित्र दाखवावयाचे असे ४ : ३. म्हणजे प्रत्येक पिक्सेल उंचीपेक्षा किंचित रुंद, १६ : १५ या प्रमाणाचा, समजावा लागे. सॉफ्टवेअरने हे पिक्सेल चौरस समजले, तर माणसे थोडी अरुंद दिसतात. हा दोष सूक्ष्म असल्यामुळे पटकन लक्षात येत नाही. काही जुन्या कॅमेऱ्यांत १४४० गुणिले १०८० पिक्सेलमध्ये १६ : ९ चे चित्र साठविलेले असे, त्यातही पिक्सेल रुंद धरावा लागतो, नाही तर चित्राची रुंदी पाऊणपटच उरते.

त्रैराशिकाचा उपयोग

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूस गेले की डोंगराच्या पायथ्याशी पाटण हे स्थान लागते. तेथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे. १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यामुळे हा लेख विद्वानांच्या नजरेस आला. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त जे त्रैराशिक शिकविले आहे, तेवढे गणित आले, की चित्राचे प्रमाण सांभाळण्यास दुसरे काही लागत नाही.

४ : ३ चे चित्र १९२० गुणिले १०८० च्या चौकटीत बसवावयाचे आहे. उंची १०८० ठेवली, तर ३ भागांस १०८०, म्हणून ४ भागांस १४४०. चित्राची योग्य रुंदी १४४० झाली. उरलेले ४८० पिक्सेल दोन्ही बाजूंस २४०-२४० असे मोकळे सोडावयाचे. हेच ते काळे पट्टे. पुष्कळांना हे पट्टे दोष वाटतात व ते घालविण्यासाठी चित्र ताणले जाते. वस्तुतः पट्टे हे प्रमाण शाबूत असल्याचे लक्षण होय.

पट्टे नकोच असतील, तर चित्र ताणू नये. ते दोन्ही दिशांनी सारखे मोठे करावे. रुंदी १४४० वरून १९२० केली की उंची १०८० वरून १४४० होते. चौकटीत १०८० च मावतात, म्हणून ३६० पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक चतुर्थांश भाग, वरखाली कापला जातो. फळ्यावरची पहिली ओळ किंवा प्रयोगाचे पात्र त्या भागात नाही ना, हे आधी पाहावे.

उभ्या मोबाइलवरील ९ : १६ चे चित्र याच चौकटीत १०८० उंचीने बसविले, तर रुंदी ६०७.५ येते. चित्रफितीच्या बहुतेक प्रचलित पद्धतींना सम संख्या लागते, म्हणून ६०८ घ्यावी. दोन्ही बाजूंस ६५६-६५६ पिक्सेल मोकळे राहतात. ही जागा वाया जाऊ देण्याचे कारण नाही. तेथे पाठातील कठीण शब्द, आकृतीच्या भागांची नावे किंवा प्रश्न लिहावेत. तथापि उत्तम मार्ग हाच, की पाठ चित्रित करताना मोबाइल आडवा धरावा.

चित्र मोठे केल्याने त्यातील तपशील वाढत नाही, हेही ध्यानात असावे. ६४० गुणिले ४८० पिक्सेलचे छायाचित्र १०८० उंचीपर्यंत नेले, तर ते सव्वादोन पट मोठे होते. परंतु मूळ चित्रात जी अक्षरे वाचता येत नव्हती, ती मोठी होऊनही वाचता येणार नाहीत. अशा वेळी पुस्तकाचे पान जवळून पुन्हा टिपावे.

थाळीची परीक्षा

दोष आहे की नाही, आणि असल्यास तो कोठे उत्पन्न झाला, हे शोधण्याची एक सोपी रीत आहे. चित्रणाच्या आरंभी पोषण आहाराची गोल थाळी कॅमेऱ्यासमोर सरळ, चौकटीच्या मध्यभागी काही क्षण धरावी. संकलन पूर्ण झाल्यावर हा भाग काढून टाकता येतो. पडद्यावर थाळीची रुंदी व उंची पट्टीने मोजावी आणि रुंदीस उंचीने भागावे. भागाकार १ आला, तर प्रमाण शुद्ध आहे. अन्यथा भागाकारच दोषाचे कारण सांगतो :

(१) सुमारे १.३३ आल्यास ४ : ३ चे चित्र १६ : ९ च्या चौकटीत ताणले गेले आहे.

(२) सुमारे ०.७५ आल्यास १६ : ९ चे चित्र ४ : ३ च्या चौकटीत कोंबले आहे, अथवा १४४० रुंदीच्या फितीतील पिक्सेल चौरस समजले गेले आहेत.

(३) सुमारे ०.९४ आल्यास ७२० गुणिले ५७६ च्या जुन्या फितीतील पिक्सेल चौरस समजले गेले आहेत.

(४) ३ हून अधिक आल्यास उभ्या मोबाइलचे चित्रण आडव्या पडद्यावर ताणले आहे.

यानंतर दोषाचे स्थान शोधावे. त्यासाठी चार ठिकाणी क्रमाने पाहावे. एकाच वेळी अनेक ठिकाणी बदल करू नयेत, कारण मग कोणत्या बदलाने दोष गेला हे कळत नाही.

पहिले ठिकाण मूळ चित्रणाचे. मूळ फाइल मोबाइलवरच उघडून थाळी मोजावी. तेथे ती गोल असेल, तर कॅमेरा निर्दोष आहे.

दुसरे ठिकाण प्रकल्पाच्या चौकटीचे. केडेनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट ही विनामूल्य सॉफ्टवेअर घेतली किंवा मोबाइलवरील एखादे ॲप घेतले, तरी प्रत्येकात सुरुवातीस चौकटीची रुंदी, उंची व एका सेकंदातील चित्रांची संख्या ठरवावी लागते. काही सॉफ्टवेअर पहिल्याने टाकलेल्या चित्रफितीवरून ही चौकट आपोआप ठरवितात. पहिली फीत जुनी ४ : ३ ची असेल, तर पुढचा सर्व पाठ त्याच चौकटीत जातो. म्हणून एकही चित्र टाकण्यापूर्वी चौकट स्वतः निश्चित करावी. एखाद्या तुकड्याचेच प्रमाण बिघडले असेल, तर त्या तुकड्याच्या गुणधर्मांत जाऊन त्याचे प्रमाण दुरुस्त करावे. संपूर्ण प्रकल्पाची चौकट बदलू नये.

तिसरे ठिकाण अंतिम फाइल तयार करण्याचे. संकलनाच्या खिडकीत थाळी गोल दिसते, परंतु तयार फाइलमध्ये लांबट होते, असे झाल्यास फाइल काढताना निवडलेली रुंदी-उंची प्रकल्पाशी जुळत नाही, असे समजावे.

चौथे ठिकाण दाखविण्याच्या संचाचे. फाइल संगणकावर शुद्ध दिसते व वर्गातील दूरचित्रवाणी संचावर ताणलेली दिसते, तर दोष संचाच्या मांडणीत आहे. दूरनियंत्रकावरील चित्राच्या आकाराचे बटण दाबून ताणण्याची मांडणी बंद करावी व मूळ प्रमाणाची मांडणी निवडावी. पुष्कळदा निर्दोष पाठ पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यात श्रम जातात आणि दोष केवळ या बटणात असतो. उलटपक्षी, संच चुकीचा असताना त्यावर चांगला दिसावा म्हणून पाठच वाकडा केला, तर तो दुसऱ्या प्रत्येक शाळेत वाकडा दिसेल.

प्रमाणदोष भासणारे इतर दोष

सर्वच वाकडेपणा ताणल्यामुळे येत नाही. फळा एका बाजूने चित्रित केला, तर त्याची जवळची कड उंच व दूरची कड ठेंगणी दिसते. हा दृष्टिकोनाचा परिणाम होय. रुंदी-उंचीचे आकडे बदलून तो जात नाही. कॅमेरा फळ्याच्या मध्यासमोर, फळ्याच्याच उंचीवर ठेवावा. दुसरे असे, की मोबाइलच्या अतिरुंद भिंगाने टिपलेल्या दृश्यात कडेच्या वस्तू बाहेरच्या दिशेने ओढल्यासारख्या दिसतात. थाळी मध्यभागी गोल व कोपऱ्यात लांबट दिसत असेल, तर दोष भिंगाचा आहे. अशा वेळी नेहमीचे भिंग वापरून कॅमेरा थोडा मागे न्यावा. थाळी सर्वत्र सारखीच लांबट दिसत असेल, तरच तो संकलनाचा प्रमाणदोष समजावा.

दृश्यपरिणामांतील दोष

संकलनात चित्र धूसर करणे, छाया देणे, गोल चौकटीत चेहरा दाखविणे, पार्श्वभूमी बदलणे असे अनेक दृश्यपरिणाम साधता येतात. त्यांतील बहुतेक दोष क्रमामुळे उत्पन्न होतात. एखाद्या तुकड्यावर अनेक परिणाम दिले असता ते वरून खाली एकामागून एक लागू होतात, आणि क्रम बदलला की फळ बदलते.

उदाहरणार्थ, ३८४० पिक्सेल रुंदीच्या छायाचित्रावर १० पिक्सेलांचा धूसरपणा दिला व नंतर ते १९२० रुंदीवर आणले, तर धूसरपणाही निम्मा, म्हणजे ५ पिक्सेलांइतकाच उरतो. तोच परिणाम लहान छायाचित्रावर देऊन नंतर ते मोठे केले, तर धूसरपणा अवाच्या सवा वाढतो. एकच आकडा दोन चित्रांवर निराळा दिसतो, अशी जी तक्रार असते, तिचे कारण हे होय. याकरिता सर्व चित्रे आधी अंतिम आकारास आणावीत, व त्यानंतर परिणाम द्यावेत.

गोल चौकटीत चेहरा दाखविताना चौकट अंडाकृती दिसली, तर दोन शक्यता असतात. प्रकल्पातील पिक्सेल चौरस नसावेत, किंवा गोल चौकट आधी कापून नंतर चित्र ताणले गेले असावे. पहिल्या प्रसंगी प्रकल्पाची मांडणी व दुसऱ्या प्रसंगी परिणामांचा क्रम दुरुस्त करावा.

छायाचित्रावरून दृष्टी हळूहळू फिरविण्याचा परिणाम, उदाहरणार्थ पितळखोऱ्याच्या हत्तींच्या रांगेवरून सरकत जाणे, फार परिणामकारक होतो. त्यात आरंभीची व शेवटची अशा दोन चौकटी द्याव्या लागतात. दोहोंचे रुंदी-उंचीचे प्रमाण समान नसेल, तर सरकता सरकता हत्ती हळूहळू फुगत किंवा आक्रसत जातात. रुंदी व उंची एकत्र बांधणारी खूण, जी बहुधा साखळीच्या वा कुलपाच्या आकाराची असते, ती चालू ठेवावी.

जुन्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत हालचालीच्या वेळी वस्तूंच्या कडांना फणीच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात. त्या पद्धतीत एका चित्राच्या विषम ओळी एका क्षणी व सम ओळी दुसऱ्या क्षणी टिपल्या जात. तेवढ्यात वस्तू सरकलेली असते. अशा फितीचा आकार थेट बदलल्यास दोन्ही क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात व मग त्या वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून ओळी एकत्र करण्याची प्रक्रिया प्रथम करावी व आकार नंतर बदलावा.

हिरव्या कापडासमोर उभे राहून मागे निराळे दृश्य दाखविण्याची रीत सर्वपरिचित आहे. सॉफ्टवेअर हिरवा रंग ओळखून तेवढा भाग पारदर्शक करते. परंतु वनस्पतीचा पाठ असेल, तर शिक्षकाच्या हातातील पानही अदृश्य होते. अशा पाठास निळे कापड घ्यावे. कापडावर सुरकुत्या व छाया नसाव्यात, आणि शिक्षकाने कापडापासून काही हात पुढे उभे राहावे; नाही तर कापडाचा रंग कपड्यांवर व केसांवर परावर्तित होतो. मोबाइलच्या फितीत उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा, पण रंग साधारणतः चार पिक्सेलांमागे एकदाच साठविलेला असतो. त्यामुळे केसांच्या कडा दातेरी होणे काही अंशी अटळ आहे. त्या किंचित मृदू केल्या म्हणजे पुरे.

या सर्वांचा क्रम थोडक्यात असा : प्रथम जुन्या फितीच्या ओळी एकत्र करणे, नंतर पिक्सेलचे प्रमाण दुरुस्त करणे, मग कापडाचा रंग काढणे, त्यानंतर आकार बसविणे, त्यापुढे धूसरपणा, छाया व इतर परिणाम आणि सर्वांत शेवटी अक्षरे. अक्षरे शेवटी घालण्याचे कारण उघड आहे; ती आधी घातली, तर पुढील प्रत्येक बदल त्यांसही भोगावा लागतो. जोडाक्षरे व काना-मात्रा असलेल्या देवनागरी लिपीत हे अधिकच जाणवते. ताणलेल्या अक्षरातील अनुस्वार किंवा रफार पुसट झाला, तर वाचावयास नुकत्याच शिकलेल्या मुलाची फसगत होते.

वर्गातील उपयोग

प्रमाणाचा हा विषय केवळ शिक्षकाच्या सोयीपुरता ठेवू नये. पाचवी ते सातवीच्या मुलांना गुणोत्तर व प्रमाण शिकविताना याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण. थाळीचे एक शुद्ध व एक मुद्दाम ताणलेले चित्र पडद्यावर दाखवावे. मुलांना पट्टीने दोन्ही मोजावयास सांगावे, भागाकार काढून घ्यावा आणि चित्र मूळ कोणत्या चौकटीतले असावे, हे त्यांनाच शोधू द्यावे. चौकोनी वहीवर एक वर्तुळ काढून, आडवी घरे तीनाऐवजी चार मोजून तेच पुन्हा काढावयास लावले, तर संगणक नसलेल्या शाळेतही हा पाठ घेता येतो. पडद्यावर दिसते ते सर्व खरे नसते व ते मोजून पाहता येते, ही दृष्टी त्यातून मुलांना लाभते.

पाठ तयार करणाऱ्या शिक्षकाने तो इतरांस पाठविण्यापूर्वी दोन निरनिराळ्या पडद्यांवर, एक मोबाइलवर व एक वर्गातील संचावर, पाहावा. थाळी दोन्हीकडे गोल दिसली, म्हणजे थाळीचा भाग कापून पाठ पुढे द्यावा. दुसऱ्याने पाठविलेल्या पाठात दोष आढळल्यास तो तसाच वर्गात दाखवू नये. मूळ फाइल मागवून घ्यावी, कारण एकदा ताणून तयार केलेल्या फितीवर पुन्हा उलट संस्कार केला, तर प्रमाण सुधारते, परंतु स्पष्टता पूर्ववत होत नाही. मूळ चित्रणे पाठ पूर्ण झाल्यावरही निदान एक वर्षभर शाळेच्या संगणकात किंवा पेन ड्राइव्हवर, इयत्ता, विषय व दिनांक घालून, जपून ठेवावीत.